कर वेगळा

त्याला सगळे पाणसळ म्हणायचे. फरशी सपाट बसली आहे की नाही हे बघायला कारागीर जी बुडबुड्याची पट्टी ठेवतात, तिला पाणसळ म्हणतात. ह्या माणसाला ती पट्टी लागायचीच नाही. कुणाकडे चहाला गेला तर कप खाली ठेवायच्या आधी म्हणणार, "तुमच्या हॉलला उजवीकडे उतार आहे." यजमान हसून म्हणणार, "असेल थोडा." हा म्हणणार, "असेल नाही, आहे. दोन सूत." मेव्हण्याने नवीन घर घेतलं तेव्हा चारचौघांत ह्याने खिशातून एक गोटी काढली आणि जमिनीवर सोडली. गोटी हॉलमधून निघाली, स्वयंपाकघरात शिरली आणि फ्रिजखाली जाऊन थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हणा त्यानंतर दोन वर्षं बोलला नाही, आणि ह्याला त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

असा हा सरळ माणूस. उंबरठ्याला सरळ, कोपऱ्याला सरळ, सांध्याला सरळ. पैशाचा विषय निघाला की मात्र वाकायचा. समोरच्याच्या कपाळावर एक आठी पडली की ह्याचा आकडा ढासळायला लागायचा. कमी करा असं म्हणायचीसुद्धा गरज नसायची. गिऱ्हाइकाने नुसता सुस्कारा सोडला तरी पाणसळ दोन हजार खाली उतरायचा. एकदा सुस्कारे सोडणाऱ्या बाईंना दम्याचा त्रास आहे असं मागाहून कळलं, पण तोवर सवलत देऊन झाली होती.

कामाचा अंदाज तो कागदावर द्यायचा नाही. कागद हरवतो, कागदावर चहा सांडतो, आणि कागद पुढे केला की लोकांना वाटतं ह्याचा आपल्यावर विश्वास नाही, असं त्याचं म्हणणं. तो अंदाज लिहायचा जमिनीवर. दारामागे, जिथे कुणाचा पाय पडत नाही, तिथल्या उघड्या सिमेंटवर सुतारी पेन्सिलने आकडे मांडायचे, गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचे, त्याने मान हलवली की काम ठरलं. पुढे त्या जागेवर फरशी बसवताना खाली सिमेंट-वाळूचा मसाला पसरायचा नाही. चार कोपऱ्यांना चार गोळे लावायचे आणि मधला भाग कोरडा ठेवायचा, म्हणजे लिहिलेलं तसंच राहतं. त्या एका फरशीवर बोट आपटलं की पोकळ आवाज यायचा. दुसरीकडे कुठे पोकळ आवाज आला असता तर हा माणूस जेवला नसता. "माझा करार प्रत्येक घरात जपून ठेवलाय," असं तो अभिमानाने सांगायचा.

लोक करार तिजोरीत ठेवतात, कपाटात ठेवतात, गादीखाली ठेवतात. वाद झाला तर काढून दाखवता यावा एवढाच त्यामागचा सामान्य विचार. आमच्या पाणसळने तो असा ठेवला होता, की बघायचा तर आधी गिऱ्हाइकाची जमीन फोडा. तीस वर्षांत एकदाही ती वेळ आली नव्हती, कारण वाद तिथवर पोचायच्या आत हाच माघार घेऊन मोकळा व्हायचा.

त्याची बायको लग्नाआधी एका लोखंडी सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. खिळ्यांच्या वजनात पाच ग्रॅमची फसवणूकही तिच्या नजरेतून सुटायची नाही, आणि नशिबात आला हा नवरा. पाणसळ तिला हेडऑफिस म्हणायचा, आधी चेष्टेने, मग सवयीने आणि पुढे पुढे भीतीने. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शाळेचं काम आलं. शाळेला कराचं पक्कं बिल हवं होतं, म्हणून हेडऑफिस तीन दिवस रांगेत उभी राहिली आणि ह्याची नोंदणी करून घेऊन आली. शाळेचं काम सात आठवड्यांत संपलं. नोंदणी काही संपली नाही. तेव्हापासून ह्याच्या प्रत्येक कामात एक भागीदार आला. हा भागीदार सिमेंट कालवत नाही, पोती उचलत नाही, पण शंभरात पंधरा मागतो आणि तारखेला मागतो. ते पंधरा गिऱ्हाइकाने दिले की नाही ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

आणि गिऱ्हाइकांचं तर काय सांगावं. फरशीचा रंग निवडायला हे लोक तीन रविवार घालवतील, पण कर म्हटलं की "कर? कसला कर?" असं इतक्या भाबडेपणाने विचारतील, की जणू आजवर साबणाची वडीसुद्धा त्यांनी करावाचून आणली. कुणी म्हणायचं, बिल कशाला, आपल्यात कसलं बिल. कुणी म्हणायचं, तुम्ही तर घरचेच. हे घरचं नातं नेमकं पैसे द्यायच्या दिवशी उगवायचं, काम चालू असताना ह्याला पाण्याचा पेला वेगळा असायचा. एका वकिलांनी तर अर्धा तास बसवून समजावून दिलं, की हा कर कारागिराने स्वतःच्या समाधानासाठी भरायचा असतो. त्या अर्ध्या तासाची फी त्यांनी लावली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

पाणसळ ह्या सगळ्यावर "राहू दे" म्हणायचा आणि घरी येऊन कर पदरचा भरायचा.

पदरचा म्हणजे गुडघ्याचा. फरशी बसवणारा माणूस उभा असतो तो फक्त येता-जाताना, बाकी जन्म गुडघ्यांवर जातो. ह्याचा डावा गुडघा पार कामातून गेला होता. जिना उतरताना तो उलटा, कठड्याकडे तोंड करून उतरायचा आणि वर पाहून म्हणायचा, "पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत." डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वर्षभराने फरशी बसवायची नाही, नुसती बघायची. हेडऑफिसने त्यासाठी बँकेत वेगळं खातं काढलं. पैसे त्यात जमायचे आणि कराची तारीख आली की त्यातूनच जायचे. ऑपरेशनची तारीख तीनदा घेतली आणि तीनदा सोडली. दवाखान्यातली फोनवरची मुलगी आता आवाज ओळखून आपणहूनच विचारायची, "काकू, पुढचा महिना ना?"

चौथ्यांदा मात्र जमलं होतं. खात्यात ऑपरेशनपुरते पैसे अगदी काठोकाठ साठले होते. त्यांना महिनाअखेरपर्यंत कुणी हात लावला नाही, तर गुडघा होणार होता. म्हणजे एवढंच करायचं होतं, की पुढच्या कामाचा कर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा. साऱ्या जगातले दुकानदार जे रोज सकाळी दात घासून झाल्यावर करतात, ते ह्या माणसाने आयुष्यात एकदा करायचं होतं.

आणि देवाच्या मनात आलं तर काय विचारता, पुढचं गिऱ्हाईक कर खात्यातूनच निवृत्त झालेलं निघालं. चौतीस वर्षं नोकरी, रिटायर होताना मोठे साहेब. कॉलनीत त्यांना अजून साहेबच म्हणत. दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर एवढं काम होतं. हेडऑफिसला तर हसू आवरेना.

"ह्यांना कर म्हणजे काय ते तरी सांगावं लागणार नाही," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांकडून घेतलाय त्यांनी. पण लिहा हं. अहो, ऐकताय ना? आकडा लिहिलात की शेजारी कर वेगळा असं लिहा. माझी शपथ आहे तुम्हाला."

"लिहितो," पाणसळ म्हणाला.

साहेबांच्या घरी त्याला बसायला खुर्ची मिळाली. हे सांगायचं कारण, बाकीच्या घरांत कामाचे कपडे बघून त्याला उलटी बादली मिळायची. त्याने मापं घेतली, स्वयंपाकघराच्या दारामागे वाकला, वाकताना गुडघा करकरला, आणि सिमेंटवर लिहिलं: ऐंशी हजार. शेजारी लिहिलं: कर वेगळा. साहेब म्हणाले, "थांबा, चष्मा घेऊन येतो," आणि आतल्या खोलीत गेले. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, चहा आणला. बशीसकट कप, बशीत दोन बिस्किटं. "तुमचं काम फार सफाईचं असतं असं ऐकलंय हो," त्या म्हणाल्या. पाणसळ लाजला. थोड्या वेळाने साहेब चष्मा लावून आले, वाकून बघितलं, "ठीक आहे" म्हणाले आणि काम ठरलं.

घरी पाऊल टाकायच्या आत हेडऑफिसने विचारलं, "लिहिलात?"

"लिहिला."

"काय लिहिलंत?"

"ऐंशी हजार, कर वेगळा."

त्या संध्याकाळी तिने दवाखान्यात फोन करून तारीख पक्की केली. फोनवरच्या मुलीलाही आनंद झाला.

काम अकरा दिवस चाललं. साहेब रोज खुर्ची टाकून समोर बसायचे आणि आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगायचे. कुठल्या व्यापाऱ्याने दुहेरी वह्या ठेवल्या होत्या, कुणाच्या गोदामात भिंतीआड माल सापडला, कोण कसा रडला. "कर बुडवणारा माणूस मला वासावरून कळतो," ते म्हणायचे. पाणसळ गुडघ्यांवर बसून, फरशीवर रबरी हातोडी आपटत, हो हो म्हणायचा. दारामागची फरशी त्याने नवव्या दिवशी बसवली, नेहमीसारखी, चार कोपऱ्यांना चार गोळे.

बाराव्या दिवशी तो बिल घेऊन गेला. हेडऑफिसने आदल्या दिवशीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: कामाचे ऐंशी हजार, कर बारा हजार, एकूण ब्याण्णव हजार. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"हे बारा हजार कसले?"

"कर, साहेब."

"कर?" साहेब म्हणाले. चौतीस वर्षं ज्या शब्दावर घर चाललं, तो शब्द ते आज पहिल्यांदा ऐकत होते. "आपलं ऐंशी ठरलं होतं. आणि मला बिल नकोच आहे. बिल नाही तर कर नाही. साधी गोष्ट आहे."

"पण साहेब, तुम्ही स्वतः त्याच खात्यात..."

"म्हणूनच सांगतोय तुम्हाला. इतर लोकांना एवढं कुठे कळतं."

पाणसळ ऐंशी हजार घेऊन परतला. त्याने ते टेबलावर ठेवले आणि आपण हात धुवायला जाऊन फार वेळ हात धुतले. बाहेर आला तर हेडऑफिस तशीच उभी होती.

"बाकीचे?"

"ते म्हणतात, ठरलं नव्हतं."

"तुम्ही लिहिलं होतंत ना?"

"लिहिलं होतं."

"मग चला."

"कुठे?"

"वाचायला," हेडऑफिस म्हणाली. तिने पायांत चपला सरकवल्यासुद्धा.

साहेबांच्या दाराची घंटा वाजली तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. हेडऑफिसने नमस्कार केला, बसली नाही, आणि आवाज न चढवता सांगितलं की अंदाजात कर वेगळा लिहिलेला आहे, तुम्ही तो वाचून ठीक म्हणालात, तर बारा हजार द्यावेत. साहेब हसले. सरकारी खुर्चीत मुरलेलं हसू होतं ते.

"ताई, तोंडी म्हणण्याला अर्थ नसतो. पुरावा लागतो. कागद आहे का काही?"

"जमिनीवर लिहिलंय. तुमच्याच दारामागे."

"म्हणजे फरशीखाली?" साहेबांना हे फारच आवडलं. "छान. म्हणजे पुरावा आहे, फक्त बघता येत नाही. माझ्या नोकरीत पुष्कळ व्यापारी हेच म्हणायचे. कुणाच्या वह्या वाळवीने खाल्लेल्या, कुणाच्या पुरात वाहून गेलेल्या."

"बघता येतो की," हेडऑफिस म्हणाली. "ती एक फरशी कोपऱ्यांवरच चिकटवलेली असते. उचलली की झालं. लिहिलेलं नसेल तर आम्ही पुन्हा बसवून देऊ आणि बारा हजारांचं नाव काढणार नाही. असेल तर तुम्ही द्या."

एव्हाना वहिनी आतून हात पुसत येऊन उभ्या राहिल्या होत्या. "उचला एकदाची," त्या म्हणाल्या. "मघापासून हेच ऐकतेय मी. मलाही कळू दे."

आता खरं तर पाणसळने पुढे व्हायला हवं होतं. तीस वर्षं ज्या कराराचा अभिमान सांगितला, तो उघडायचा दिवस आला होता. पण त्याला एकदम त्या फरशीची माया आली. ही जात आता बाजारात मिळत नाही, तो म्हणाला. कोपरा उडाला तर जोड मिळणार नाही. सांध्यातलं पांढरं सिमेंट अजून ओलं असेल. अवजारं आणलेली नाहीत.

"पिशवीत छिन्नी आहे," हेडऑफिस म्हणाली. "मीच घेतलीय."

"जाऊ दे ना," तो हळूच म्हणाला. "राहू दे."

तिला वाटलं, नेहमीचीच भीड. ती एवढंच म्हणाली, "महिनाअखेर आहे आपली तारीख. तुम्हाला नको असेल, मला हवी आहे." आणि छिन्नी त्याच्या हातात दिली.

तो खाली बसला. डावा गुडघा टेकताना त्याने नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. सांध्यातून छिन्नी फिरवली, चारही कोपऱ्यांखाली अलगद दाब दिला आणि फरशी अखंड उचलून भिंतीला टेकवून ठेवली. काम मोठं सफाईचं झालं, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. चौघांची डोकी खाली वाकली.

ऐंशी हजार हे अक्षरन् अक्षर स्वच्छ होतं. त्याच्या शेजारी, जिथे पुढचे दोन शब्द असायला हवे होते, तिथे एक काळपट फराटा होता. अंगठ्याएवढा रुंद. ओल्या अंगठ्याने शिसं घासलं की होतो तसा, आणि त्याच्या कडेला क चा एक कान तेवढा वाचला होता.

साहेब चष्मा आणायला आत गेले होते ना, ती दोन मिनिटं पाणसळ विसरला नव्हता. त्याने काय लिहिलं तेवढंच तो लक्षात ठेवून होता आणि काय पुसलं ते फार काळजीपूर्वक विसरला होता. बशीसकट चहा आला, बिस्किटं आली, सफाईचं काम म्हणून कौतुक झालं, आणि त्याला वाटलं, एवढ्या चांगल्या माणसांना आता ते दोन शब्द दिसणार. साहेब चष्मा लावून येणार आणि त्यांच्या कपाळाला आठी पडणार. आठी पडली नव्हती. साहेब आलेसुद्धा नव्हते. चौतीस वर्षं कर खात्यात काढलेला माणूस कर हा शब्द बघून चमकला नसता हेही शक्य आहे. पण ह्याने अंगठा जिभेला लावला आणि जी आठी अजून पडायची होती, तिला घाबरून लिहिलेलं पुसून टाकलं. लोक मागून नाकारतात. ह्याने कुणी नाकारायच्या आत स्वतःच नाकारून घेतलं.

साहेब गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाले. "आता बघा," ते प्रसन्नपणे म्हणाले, "जी रक्कम लिहिली जाते, ती करासकट धरतात. नियमच आहे तसा. माझ्यापुरतं म्हणत नाही मी."

"तुम्ही जरा गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

हेडऑफिस त्या फराट्याकडे बघत होती. "हे कुणी पुसलं?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. पाणसळच्या अंगठ्यावर उजवीकडे एका जुन्या जखमेचा व्रण होता, आणि फराट्यात त्याची रेघ उमटली होती.

"मी."

"कधी?"

"तेव्हाच."

"आणि बाकीच्या घरांत?"

त्याने अंगठा मुठीत लपवला. हेडऑफिसने मनातल्या मनात तीन वर्षांतली घरं मोजली असावीत, कारण तिला जरा वेळ लागला. प्रत्येक घराच्या वेळी ती रात्रभर गिऱ्हाइकांना शिव्या देत बसली होती. लिहून दिलेलं असून नाकारतात म्हणजे काय माणसं आहेत, असं बहिणीला फोन करून सांगितलं होतं. वकिलाच्या बायकोशी तर ती बाजारात बोलायचीसुद्धा नाही.

"भीड भिकेची बहीण म्हणतात," ती म्हणाली. आवाज अजूनही चढलेला नव्हता, त्यामुळे पाणसळला जास्त भीती वाटली. "पण मला एक सांगा. ह्यांची भीड पडली तुम्हाला. वकिलांची पडली, दम्याच्या बाईंची पडली. ज्यांना तुम्ही पंधरा दिवस ओळखत नाही, त्यांना वाईट वाटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करता. आणि मला तोंडावर खोटं सांगताना एकदाही भीड पडली नाही? सव्वीस वर्षं झाली आपल्या लग्नाला."

खरं तर पाणसळकडे ह्याचं उत्तर होतं. त्याला सगळ्यांत जास्त भीती तिच्याच कपाळावरच्या आठीची वाटायची, म्हणून तर तो खोटं बोलायचा. पण हे सांगायलाही धीर लागतो आणि तोच तर त्याच्याकडे कधी नव्हता.

"बसवा ती फरशी," हेडऑफिस म्हणाली. "ह्या वेळी मसाला सगळीकडे पसरा."

त्याने कामातून उरलेल्या सिमेंटचा मसाला कालवला, पसरला, फरशी ठेवली, ठोकली. बोट आपटून बघितलं, आवाज भरीव आला. मग तो उठायला गेला आणि गुडघा उठेना. एकदा जोर लावला, दोनदा लावला. शेवटी एका बाजूने साहेबांनी आणि एका बाजूने बायकोने बगलेत हात घालून त्याला उभा केला. उचलता उचलता साहेबांनी त्याला सल्ला दिला, की ह्यापुढे कर नेहमी लेखी घेत जा, व्यवसायात असं भोळं राहून चालत नाही. सल्ला चौतीस वर्षांच्या अनुभवाचा होता आणि तोही त्यांनी फुकट दिला. वहिनी मात्र दारापर्यंत आल्या आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आम्हाला माफ करा हो." पण माफीवर गुडघ्याचं ऑपरेशन होत नाही.

ऐंशी हजार मालाच्या उधारीत आणि घरखर्चात गेले, म्हणून वीस तारखेला हेडऑफिसने गुडघ्याच्या खात्यातून बारा हजार काढून कर भरला. दवाखान्यात तिने फोन लावला, तेव्हा ती मुलगी काही विचारायच्या आत "हो, पुढचा महिना" एवढंच म्हणून ठेवून दिला. पाणसळशी ती तीन आठवडे बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण फक्त फरशीच्या खोक्यांचा हिशेब. एक दिवस मात्र त्याच्या पिशवीत अंदाजाची छापील वही निघाली. शंभर पानं, प्रत्येक पानावर कामाच्या रकमेखाली कराची ओळ छापलेली, छापखान्याच्या पक्क्या काळ्या शाईत.

"ही शाई जिभेने पुसली जात नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

"ह्या खेपेला येशील का बरोबर?" त्याने विचारलं. एका माणसाला केस कापायचं दुकान काढायचं होतं, तीस हजारांचं काम होतं.

"नाही," आतून उत्तर आलं. "जा एकटे."

तो गेला. दुकानवाला तरुण, उत्साही, आरशांबद्दल भरभरून बोलणारा. त्याने पाणसळला खुर्ची दिली, तीही केस कापायची, वरखाली होणारी. मागून थंडगार सरबत आलं. पाणसळला सगळी लक्षणं ओळखीची वाटली. त्याने मापं घेतली, वहीत रक्कम लिहिली, छापील ओळीपुढे आकडा भरला आणि पान पुढे केलं. दुकानवाल्याने वाचलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. एक नाही, चांगल्या तीन. वर त्याने सुस्कारा सोडला, आणि त्याला दमाबिमा काही नव्हता.

"हे कराचं सोडून द्या ना, काका. आपल्यात कसला कर. मी तुम्हाला अजून कामं मिळवून देईन."

राहू दे हे शब्द पाणसळच्या ओठांवर येऊन बसले. तीस वर्षांची सवय, ते आपल्या पायांनी येतात. त्याने सरबताचा घोट घेऊन ते गिळले.

"नाही सोडता येत," तो म्हणाला. हे तो दुकानवाल्याकडे न बघता समोरच्या आरशाकडे बघून म्हणाला, त्यामुळे ते त्याने स्वतःलाच सांगितल्यासारखं झालं. "तुम्ही नाही दिला तर मला भरावा लागतो. मी फार भरला."

दुकानवाल्याने वही परत दिली. "मग बघतो मी दुसरं कुणी," तो म्हणाला. वाईट बोलला नाही, फक्त उठून आरशाची मापं स्वतःच घ्यायला लागला.

पाणसळ भर दुपारी घरी आला. हेडऑफिस भाजी निवडत बसली होती. एवढ्या लवकर आलेला बघून तिने हात थांबवला.

"काम?"

"गेलं."

"का?"

"कर सांगितला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लिहिला, सांगितला, दाखवला, हे सगळं तिने ह्याच तोंडून, ह्याच खोलीत पूर्वी ऐकलं होतं आणि दर वेळी विश्वास ठेवला होता. पण तेव्हा काम कधी गेलं नव्हतं. ह्या माणसाच्या हातून तीस वर्षांत एकही काम पैशावरून गेलं नव्हतं, आणि आज गेलं होतं. ह्याच्याहून पक्का पुरावा तिला कुठली जमीन फोडून मिळाला असता?

तिने भाजीची परात बाजूला सरकवली. त्याला खाली बसायला लावलं, डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि गुडघ्यावर तळहात ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तीन वर्षांत आज पहिल्यांदा हा गुडघा दुसऱ्याच्या करापायी झिजला नाही."